पैलवानासाठी टी-शर्ट

पैलवान आयुष्यात एकदाच कुस्ती खेळला, आणि तीसुद्धा एका सिंकशी. हरला.

खरं तर तो नळवाला. वजन एकशे आठ किलो, आणि धंदा असा की माणसानं उंदरासारखं ओट्याखाली शिरावं. एका बाईंच्या स्वयंपाकघरात तो सिंकखाली असा अडकला की शेवटी सुताराला बोलवावं लागलं. सुतारानं करवत काढून विचारलं, "काय कापू? फळी का माणूस?" आतून आवाज आला, "आधी गळती थांबली का बघा, मग काय ते कापा." तेव्हापासून तो पैलवान.

आम्ही पाच जण. रोज संध्याकाळी सहाला कडकच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसायचो. कडक म्हणजे इस्त्रीवाला. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी त्याचं उत्तर एकच, "कडक करून देतो." रेशमी आहे, जरा जपून, असं म्हटलं तरी कडक करून देतो. दुसरे मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. तिसरा कंडक्टर, तोही निवृत्त, पण बसमधून तो उतरला, आवाज काही उतरला नाही. चौथा मी. घड्याळं दुरुस्त करतो, माझं दुकान कडकच्या दुकानाला चिकटून. आम्ही चौघं मिळून अर्धा बाक आणि उरलेला अर्धा पैलवानाचा.

टी-शर्टचं खूळ त्याचंच. बारा वर्षांपूर्वी समोरून कॉलेजातल्या मुलांचा एक घोळका गेला. सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट, छातीवर त्यांचंच चित्र. पैलवान मान वळवून वळवून बघत राहिला. मग म्हणाला, "आपले पण पाहिजेत असे."

आम्ही खो खो हसलो. कंडक्टर म्हणाला, "तुझ्या पोटावर चित्र छापलं तर ते शेवटच्या स्टॉपपर्यंत जाईल."

पण गडी हट्टाला पेटला. दर वर्षी विषय काढायचा. चित्रात काय पाहिजे तर हा बाक आणि बाकावर आपण पाच. खाली मोठ्या अक्षरात 'काम सांगू नका'. आणि दर वर्षी आम्ही म्हणायचो, करू की, त्यात काय, पुढच्या वर्षी नक्की.

मग पैलवान आजारी पडला. पोटात गाठ. ती अशा जागी होती की तिथं कुठल्याच नळवाल्याला शिरता आलं नसतं, आणि डॉक्टरांनाही आलं नाही.

सहा महिने आम्ही त्याला भेटायला जात होतो. त्या मंगळवारीही चौघं हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी वहिनींना बाहेर बोलावून सांगितलं होतं, आठवडा, फार तर दहा दिवस. वहिनींनी ते आम्हाला जिन्यात सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "आत चेहरे नीट ठेवा." आता चेहरा नीट ठेवायचा म्हणजे काय करायचं, हे आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. मास्तर सलाइनच्या बाटलीकडे असे टक लावून बघत होते, जसं काही तिचं चित्र काढायचंय. ज्याचा आवाज तीन गल्ल्या ऐकतात तो कंडक्टर कुजबुजत होता. कडक खाटेवरच्या चादरीच्या सुरकुत्या तळहातानं दाबून सारख्या करत होता. आणि मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. माझा तो धंदाच आहे, दिवसातून शंभरदा बघतो. पण पैलवानानं ते पाहिलं.

"जा रे," तो म्हणाला. "माझ्याकडे काय बघत बसलाय. घरंदारं आहेत का नाहीत तुम्हाला?"

आवाज तुटक होता. दुखत असणार त्याला. आम्ही "बरं बरं, आराम कर" म्हणालो आणि निघालो. खरं सांगतो, शाळा सुटल्यासारखे निघालो.

जिन्यात कंडक्टर एकदम थांबला. "टी-शर्ट," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा.

आम्ही परत वर गेलो आणि वहिनींना दाराबाहेर गाठलं. कंडक्टर म्हणाला, "वहिनी, आम्ही टी-शर्ट करतोय. त्याला अजिबात कळू द्यायचं नाही. तुम्हाला आमची शपथ आहे. एकदम समोर येऊन उभे राहतो, बघा कसा उठून बसतो ते."

"कधी येताय पण?" वहिनींनी विचारलं.

"शनिवारी."

"नकर्त्याचा वार शनिवार," कडक पुटपुटला.

"अरे, पाच टी-शर्ट करायचेत. आणि दहा दिवस म्हणालेत ना डॉक्टर?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वेळेचा हिशेब माझ्याकडे. मी बोटांवर मोजलं आणि सांगितलं, मंगळवार ते शनिवार चार दिवस. अगदी आठवडाच धरला तरी तीन दिवस शिल्लक. घड्याळजीनं मांडलेला हिशेब, त्यावर कोण शंका घेणार.

बुधवारी सकाळी मास्तरांनी चित्र काढलं. झकास काढलं. फक्त स्वतःला जरा जास्त केस दिले. छपाईच्या दुकानातल्या बाईंनी ते एका खास कागदावर छापलं. तो कागद टी-शर्टवर उपडा ठेवायचा, वरून गरम इस्त्री दाबायची, गार झाल्यावर कागद सोलायचा, की चित्र कापडाला चिकटतं. उपडा ठेवायचा म्हणून बाईंनी चित्र उलटं छापलं होतं. मास्तर भडकले.

"तीस वर्षं शिकवलंय मी. डावं-उजवं कळतं मला."

"काका, उपडं ठेवलं की सुलटं होतं."

"तुम्ही मला शिकवू नका."

शेवटी कंडक्टर दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि सवयीनं "चला, पुढे सरका" म्हणून मास्तरांना दाराबाहेर सरकवलं. बाई बिचाऱ्या भल्या होत्या. म्हणाल्या, "टी-शर्ट इथंच घेऊन या ना. माझ्याकडे मशीन आहे, दहा मिनिटांत पाचही दाबून देते."

कडकचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याच्या बापाला शिवी दिली. "इस्त्रीवाला घरात असताना इस्त्री बाहेर द्यायची?"

आम्हालाही ते पटलं. मित्राचं काम, मित्रांनी करायचं. बाईंनी मान हलवली आणि बजावलं, पाणी मारायचं नाही, इस्त्री फिरवायची नाही, एकाच जागी वीस सेकंद दाबून धरायची.

आता हे सांगितलं कुणाला, तर कडकला. ज्यानं चाळीस वर्षं दोनच गोष्टी केल्या. पाणी मारलं आणि इस्त्री फिरवली.

दुपारी दुकानातल्या टेबलावर पहिला टी-शर्ट पसरला, कागद ठेवला, आम्ही तिघं कडेनं उभे. कडकनं उजव्या हातानं इस्त्री उचलली आणि डावा हात आपसूक तांब्यात गेला.

"अरे, पाणी!"

"कुठं मारलं?" कडक म्हणाला. ओल्या बोटांनी.

त्याला खरंच कळलं नव्हतं. इस्त्री टेकली, चर्र झालं, कागद फुगला, फाटला, आणि चित्रातले मास्तर इस्त्रीच्या तळाला चिकटून वर आले. कडकनं तळ पुसायला हाताला लागेल ते कापड ओढलं. ती बँकेच्या मॅनेजरची पांढरी पँट होती. मास्तर तिच्यावर उतरले, बरोबर बसायच्या जागी, केसांसकट. इतकं स्वच्छ चित्र दुसऱ्या दिवशीही आम्हाला जमलं नाही.

मास्तर बराच वेळ त्या पँटकडे बघत होते. "रेष चांगली आलीय," म्हणाले.

गुरुवारी आम्ही तांब्या लपवला. फवाऱ्याची बाटली मी माझ्या दुकानात कुलपात ठेवली. मग पाणी पडलं नाही, पण इस्त्री फिरली.

"फिरवू नको."

"मी कुठं फिरवतोय? ती जातेय."

चित्रातल्या कंडक्टरचं नाक ओघळत कानापर्यंत गेलं. पैलवानाचं पोट बाकावरून सांडून 'काम' या अक्षरांवर बसलं. दुसऱ्या टी-शर्टवर पाचही जण एकमेकांत मिसळून एकच माणूस झाला, दहा पायांचा. कडक घामाघूम. इस्त्री टेबलाच्या कडेला उभी करून खाली बसला. म्हणाला, "इस्त्री थांबली की कपडा जळतो. कामाला लागलो त्या पहिल्या दिवशी बापानं हे सांगितलं आणि विसरू नये म्हणून एक कानाखाली ठेवून दिली. आता तुम्ही सांगताय, थांबव. हाताला कसं कळणार?"

"दे इकडं, मी करतो," कंडक्टर म्हणाला. त्यानं इस्त्री थांबवली, अगदी नीट थांबवली, आणि अर्धं मिनिट आम्हाला एका जुन्या अपघाताची हकीकत सांगितली. टी-शर्टला इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं. त्यातून टेबलावरचं कांबळं दिसत होतं.

त्या दुपारी वहिनींचा फोन आला, कंडक्टरच्या फोनवर. तो बाजूला जाऊन बोलला. "हो वहिनी, तेच चाललंय. नाही, आज नाही जमत. शनिवारी. हो." फोन ठेवून आमच्याकडे आला.

"काय म्हणाल्या?"

"सारखा दाराकडे बघतोय म्हणे."

कडकनं इस्त्रीचा तळ पुसायला घेतला.

"म्हणजे तब्येत सुधारतेय," कंडक्टर म्हणाला. "परवा तर मान वळत नव्हती."

आम्ही तिघांनी माना डोलावल्या. इतका मूर्खपणा इतक्या एकमतानं आम्ही आधी कधी केला नव्हता. हॉस्पिटल बसनं वीस मिनिटांवर होतं. वाटेवरच्या प्रत्येक थांब्याचं नाव कंडक्टरला झोपेतही म्हणता येतं. अर्ध्या तासासाठी जाऊन येता आलं असतं. पण तिथं हातांना काम नव्हतं, डोळ्यांना जागा नव्हती. इथं चर्र होत होतं, भोकं पडत होती, एकमेकांना शिव्या देता येत होत्या. इथं बरं होतं.

शुक्रवारी नवे टी-शर्ट आणले आणि नवे कागद. कागद बाईंकडे पाचच उरले होते, एकही जास्त नाही. त्यांनी मशीनचा विषय पुन्हा काढला नाही, फक्त कागद देताना आमच्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

आता आम्ही पद्धत बसवली. कडकनं दोन्ही हातांनी इस्त्री दाबायची, डोळे मिटून, म्हणजे त्याला कपडा दिसणार नाही. कंडक्टरनं मागून त्याची दोन्ही कोपरं पकडायची, म्हणजे हात पळणार नाहीत. मास्तरांनी कापड ताणून धरायचं. आणि मी सेकंद मोजायचे. माझ्याकडे एक जुनं स्टॉपवॉच आहे, धावण्याच्या शर्यतीचं. ते एका हातात धरून मी मोठ्यानं आकडे म्हणायचे. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, चार म्हातारे मिळून एकाचा जीव घेतायत.

पहिला पैलवानाचाच करायचा ठरलं. सगळ्यात मोठा, कंडक्टरनं दुकानातला शेवटचा शोधून आणला होता. टेबलावर मावत नव्हता, बाह्या दोन्हीकडून खाली लोंबत होत्या.

"टेकव," मी म्हटलं. "एक. दोन. तीन."

सात म्हटलं आणि माझ्या खिशात फोन वाजला. नाव बघितलं, वहिनी. डाव्या हातानं कानाला लावला.

"भाऊजी, आज जरा बोलतायत हे. तुमच्याशी बोलायचं म्हणतायत. देऊ का?"

समोर स्टॉपवॉचचा काटा पळत होता. कडकचा एक डोळा उघडला. मास्तर माझ्याकडे बघत होते. इस्त्रीखालून गरम कापडाचा वास यायला लागला होता.

"वहिनी, दोन मिनिटं," मी म्हटलं. "इस्त्री खाली आहे. मीच करतो फोन."

ठेवला. "चौदा. पंधरा. सोळा." आणि मग वीस. "उचल."

गार झाल्यावर मास्तरांनी कागदाचा कोपरा नखानं उचलला आणि हळूहळू सोलला. पाचही जण होते. नाकं जागच्या जागी, बाक सरळ, अक्षरं स्वच्छ, पैलवान अर्ध्या बाकावर पसरलेला. कडकनं एक बोट त्या चित्राच्या पोटावर टेकवलं आणि काढून घेतलं.

मग आम्हाला चेव आला. हात बसलाय, आता थांबू नका, असं म्हणत उरलेले चारही ओळीनं काढले. एक जरा पिवळा पडला, तो मी घेतला. सगळं आवरून चहा सांगितला, तेव्हा फोन आठवला. दोन मिनिटांचा फोन मी पन्नास मिनिटांनी केला.

"झोपलेत आत्ताच," वहिनी म्हणाल्या.

"झोपू द्या, झोपू द्या. उठवू नका. उद्या सकाळी येतोच आहोत."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

शनिवारी सकाळी आम्ही टी-शर्ट घातले आणि त्यावर शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावून. खाटेसमोर ओळीत उभं राहायचं, मी तीन म्हणायचं आणि चौघांनी एकदम बटणं उघडायची, असं ठरलं होतं. बसमध्ये कंडक्टरनं दोनदा सराव करून घेतला. समोरच्या बाई उठून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

हॉस्पिटलच्या दारात वॉचमननं अडवलं. "एका वेळी दोघंच."

"आम्ही एकच ग्रुप आहोत," कंडक्टर म्हणाला.

"ग्रुप असो नाहीतर फौज असो. दोघं."

कंडक्टरनं आयुष्यभर साठ जणांच्या बसमध्ये नव्वद माणसं भरलेली. तो वॉचमनशी इतका वेळ बोलला की त्यानं कंटाळून पाठ फिरवली, आणि आम्ही चौघं आत शिरलो.

वहिनी खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. पैलवान उताणा, डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं. श्वास घेताना घशातून बारीक आवाज येत होता.

आम्ही ओळीत उभे राहिलो. मी वहिनींना खुणेनं विचारलं, उठवता का. त्यांनी काही केलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण ठरलेलं होतं, म्हणून मी म्हटलं, "एक, दोन, तीन."

चौघांनी बटणं उघडली. कडकचं एक अडकलं, ते त्यानं तोडलं. आम्ही शर्ट दोन्ही हातांनी फाकवून उभे, छातीवर बाक, 'काम सांगू नका'. पलीकडच्या खाटेवरचा एक पेशंट कोपरावर उठून बघायला लागला. पैलवान बघत नव्हता.

"पैलवान," कंडक्टर म्हणाला. मग त्याच्या खऱ्या आवाजात, "ए पैलवान, उतरायचं नाही का?"

नर्स धावत आली, आमच्याकडे बघितलं आणि न ओरडता थांबली.

"कालपासून उठलेच नाहीत," वहिनी म्हणाल्या. "झोपलेत म्हणून सांगितलं ना तुम्हाला फोनवर, तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले, आता नाही उठायचे."

उघडलेला शर्ट परत लावायचा कसा, हे आमच्यापैकी कुणाला सुचेना. लावावा तर काय लपवतोय, न लावावा तर काय दाखवतोय. तसेच उभे राहिलो.

वहिनी एकेकाच्या छातीकडे बघत होत्या. "हेच होय," म्हणाल्या. "छान झालंय." मग त्याच सुरात, "त्यांना वाटत होतं तुम्ही रागावलात. मंगळवारी जा म्हणाले ना तुम्हाला. म्हणाले, मी उगीच तोडून बोललो, बोलव त्यांना. मी म्हटलं, अहो, कामात असतील. तर म्हणाले, चौघंही?"

मास्तर खिडकीकडे वळले.

"मी सांगितलं असतं," वहिनी म्हणाल्या. "पण तुम्ही शपथ घातली होती."

कडकनं पिशवीतून पैलवानाचा टी-शर्ट काढला. घडी मोडली आणि त्याच्या अंगावर पसरला, दुसरं काय करणार. तो गळ्यापासून गुडघ्यापर्यंत आला, दोन्ही बाजूंनी खाटेखाली लोंबायला लागला. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं, की त्या टी-शर्टखाली माणूस किती उरलाय. सहा महिने आम्ही येत होतो, आणि दुकानात जाऊन सगळ्यात मोठा मागितला.

"बोला त्यांच्याशी," नर्स हळूच म्हणाली. "ऐकू येतं कधी कधी."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहिनींच्या शेजारी वाकलो आणि त्याच्या कानात सांगायला सुरुवात केली. त्याला किस्से आवडायचे, त्यामुळे मी काही गाळलं नाही. मास्तरांचे केस, उलटं चित्र, छपाईवाल्या बाई आणि त्यांचं मशीन. कडकचा हात तांब्यात कसा गेला. मॅनेजरच्या पँटवर मास्तर कुठं बसले. तिथं वहिनींना हसू आलं, आणि ते आल्याचाच त्यांना राग आला असावा, कारण त्यांनी ओठ गच्च मिटले. दहा पायांचा माणूस सांगितला. भोकातून दिसलेलं कांबळं सांगितलं. मागून कंडक्टर "ते माझ्यामुळे नाही" म्हणाला, अगदी बारीक आवाजात.

"मग शुक्रवारी पहिला तुझाच केला," मी म्हटलं. "एका झटक्यात आला बघ. कुठं डाग नाही. मग उरलेले केले, आणि आज आलो."

पैलवानाचा श्वास चालू होता. आत, बाहेर, मध्ये मोठा खंड. मी तो खंड मोजत होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

वहिनींनी वाटीतला कापूस ओला केला आणि त्याच्या ओठांवरून फिरवला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फोनचं राहिलं."

मी कडककडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. कंडक्टरनं शर्टाची दोन टोकं मुठीत धरून ठेवली होती.

मी पुन्हा वाकलो.

"मी सातापर्यंत मोजलं होतं," मी त्याच्या कानात म्हटलं. "तेवढ्यात तुझा फोन आला."